आपले मत, आपले गुपित

निवडणूक आली की मनात भीती येते. "मी कुणाला मत दिलं, हे सावकाराला कळलं तर?"

भिऊ नका. ते कसे कळत नाही, हे आपण पाहू.

१९५१-५२ साली देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. पुष्कळांना वाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती. पेटीवर त्याची खूण होती. पेट्या आडोशाला होत्या. तिथे मतदार एकटाच जाई.

आता यंत्र आले. आडोसा मात्र राहिला. आपण खूण पाहून बटण दाबतो. काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते, मग आत पडते. तिच्यावर खूण असते, आपले नाव नसते.

आधी आपल्या डाव्या हाताच्या बोटाला शाई लावतात. ती लवकर निघत नाही. म्हणून कुणाला दोनदा मत देता येत नाही.

आपल्या नावावर दुसराच मत देऊन गेला, तर? परत फिरू नये. अधिकाऱ्याला सांगावे. ओळख पटली की तो मतपत्रिका देतो. ते मत वेगळे जपून ठेवतात.

मतासाठी पैसे देणे गुन्हा आहे. घेणे हाही गुन्हाच.

आडोशामागे ना सावकार, ना पाटील. तिथं आपण आणि आपलं मन, एवढंच.