मायना आणि मजकूर : मोटारविक्रीतील निरोपांचा अभ्यास

शाळेत मराठीच्या प्रश्नपत्रिकेत पत्रलेखनाचा प्रश्न हमखास असे. वडिलांना ‘तीर्थरूप’, मित्राला ‘प्रिय’, मान्यवर व्यक्तीला ‘स. न. वि. वि.’. मायना चुकला की गुण जात. मजकूर मात्र ज्याचा त्याने लिहावा लागे. वाणिज्य शाखेत आल्यावर हा धडा मागे पडला असे मला वाटत होते. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मोटारींच्या एका शोरूममध्ये दीड महिना काम केले, तेव्हा तो पुन्हा समोर आला. विक्रेत्याने ग्राहकाला ठरीव साच्यातला निरोप पाठवावा की स्वतःच्या शब्दांत लिहावे, या प्रश्नाचा त्या अनुभवाच्या आधारे येथे थोडा विचार करावयाचा आहे.

गाव आणि ग्राहक

मी मामांकडे राहून येथे शिकतो. माझे गाव मध्यप्रदेशातील बुऱ्हाणपूर. गाव तापीच्या काठी, महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे. शहरात यंत्रमाग, भोवती केळीच्या बागा, आणि सीमा ओलांडली की जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुका. त्यामुळे एकाच शोरूममध्ये हिंदी, मराठी व उर्दू बोलणारी माणसे येतात. कोणाला ‘सेठ’ म्हणावयाचे, कोणाला ‘चाचा’ आणि कोणाला ‘भाऊ’, हे तेथील सेल्समनला कोणी शिकवावे लागत नाही. गावच्या जामा मशिदीत सोळाव्या शतकाच्या अखेरचे शिलालेख आहेत, एक अरबीत व एक संस्कृतात. ज्याच्या त्याच्या भाषेत सांगण्याची रीत आमच्याकडे जुनीच म्हणावयाची.

साचा कोठून आला

ठरीव निरोप ही काही आजची कल्पना नव्हे. तारखात्यात शुभेच्छांच्या तारेसाठी क्रमांक दिलेली वाक्ये असत. आपण क्रमांक सांगावयाचा, वाक्य खाते पोहोचवी. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आजचा साचा मात्र सोयीबरोबर नियमातूनही आला आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २०१८ साली व्यापारी संदेशांसाठी विनियम केले. त्यांनुसार पाठविणाऱ्याची ओळख आणि एसएमएसचा मसुदा आधी नोंदवावा लागतो. मसुद्यात नाव, रक्कम, तारीख यांच्यासाठी मोकळ्या जागा सोडता येतात. बाकीचे शब्द बदलता येत नाहीत. मार्च २०२१ मध्ये मसुद्याशी न जुळणारे संदेश अडविण्यास सुरुवात होताच बँकांचे ओटीपीही अडकले आणि ट्रायला ती अंमलबजावणी सात दिवस थांबवावी लागली. व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक सेवेत ग्राहकाचा निरोप आल्यापासून २४ तास मोकळेपणाने लिहिता येते. त्यानंतर आधी मंजूर झालेला साचाच चालतो.

मोकळ्या निरोपाचा धोका

आमच्या शेजारचे एक दादा त्याच शोरूममध्ये सेल्समन आहेत. पगार बेताचा, घर चालते ते गाडीमागे मिळणाऱ्या प्रोत्साहन रकमेवर. रावेरच्या एका ग्राहकाला त्यांनी स्वतःच्या फोनवरून लिहिले, ‘काका, सगळं मिळून एवढे पडतील, काळजी करू नका.’ निरोप गोड होता, पण हिशेब मध्यप्रदेशचा होता. वाहनकर राज्याराज्यांत वेगळा असतो आणि रावेरच्या माणसाची गाडी महाराष्ट्रात नोंदवावी लागते. बिलाचा आकडा वाढला तेव्हा काकांनी फोन पुढे केला : ‘हे तुम्हीच लिहिलंय ना?’ फरकाची रक्कम दादांच्या प्रोत्साहनातून कापली गेली.

येथे आपल्याला व्यापारी कायद्याचा अभ्यास उपयोगी पडतो. १८९३ च्या हार्वे विरुद्ध फेसी या खटल्यात विक्रेत्याने तारेने किमान किंमत कळविली होती. नुसती किंमत कळविणे म्हणजे प्रस्ताव नव्हे, असा प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला. परंतु ‘सगळं मिळून, काळजी करू नका’ हे नुसते किंमत कळविणे राहत नाही. ते आश्वासन होते. शिवाय भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २३७ प्रमाणे, प्रतिनिधीला अधिकार आहे असा समज मालकाने आपल्या शब्दांनी वा वागण्याने करून दिला असेल, तर प्रतिनिधीने अधिकाराबाहेर केलेले कृत्यही मालकाला बांधू शकते. म्हणून मालक साच्याचा आग्रह धरतो, आणि त्यात त्याचे अगदीच चुकते असे म्हणता येत नाही.

साच्याचा धोका

या प्रकारानंतर फर्मान निघाले : यापुढे सर्व निरोप शोरूमच्या क्रमांकावरून आणि साच्यातच. पंधराच दिवसांत वादळी वारे सुटले. एका बागायतदाराची काढणीला आलेली केळी आडवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना निरोप गेला : ‘प्रिय ग्राहक, बधाई हो! आपके सपनों की कार पर ऑफर का आज आखिरी दिन.’ त्यांनी शोरूमचा क्रमांकच बंद करून टाकला. दादांनी मग हुकूम मोडून स्वतःच्या फोनवरून दोन ओळी लिहिल्या : ‘भाऊ, बागेचं कळलं. गाडीचं राहू द्या, पंचनामा झाला का?’ संध्याकाळी उत्तर आले, ‘झाला. पुढच्या हंगामात बघू.’ साच्याने गमावलेला ग्राहक निदान बोलता झाला. पण हे करताना दादांनी नोकरी पणाला लावली होती, हे विसरून चालणार नाही.

काय ठरीव, काय मोकळे

या दोन प्रसंगांवरून मला असे वाटते की ‘साचा की मोकळीक’ हा प्रश्नच नीट मांडलेला नाही. निरोपाचा कोणता भाग बांधावयाचा, हे आधी ठरविले पाहिजे. माझी मांडणी अशी :

१. गाडीची किंमत, कर, विमा यांचे वेगवेगळे आकडे, नोंदणीचे राज्य, आणि सवलतीची अखेरची तारीख हे सर्व साच्यातच असावे. मोकळ्या निरोपात एकही आकडा लिहू नये.

२. संबोधन, भाषा आणि निरोपाची वेळ सेल्समनवर सोपवावी. जुन्या पत्रलेखनातही मायने ठरलेलेच होते; पण ते अनेक होते, आणि नाते पाहून लिहिणारा त्यांतून निवड करी. ‘प्रिय ग्राहक’ हा एकच मायना सर्वांना लावला की निवड संपते. तेव्हा साचे एकाऐवजी पाच-सहा असावेत.

३. ठरलेला निरोप थांबविण्याचा अधिकार सेल्समनला असावा. गावात कोणाकडे लग्न आहे आणि कोणाकडे सुतक, हे यंत्राला कळत नाही.

४. मोकळे निरोपही शोरूमच्याच क्रमांकावरून जावेत, म्हणजे चूक झाल्यास एकट्या सेल्समनच्या पगारातून भरपाई होणार नाही.

सुटी संपण्यापूर्वी मी या चार गोष्टी कागदावर लिहून व्यवस्थापकांना दिल्या. त्यांपैकी पहिली त्यांनी लगेच मान्य केली आणि एक मराठी साचा तयार करण्यास सांगितले. त्यात नोंदणीच्या राज्यासाठी मोकळी जागा ठेवली आहे. चौथीवर मात्र ते काही बोलले नाहीत. दादांची कापलेली रक्कम अद्याप परत मिळालेली नाही.

आपल्यापैकी पुष्कळजण पदवीनंतर अशाच नोकऱ्यांत जाणार आहोत. कोणी साचे लिहील, कोणी ते पाठवील. साचा लिहिणाऱ्याने तो कोणाच्या हाती, कोणत्या दिवशी पडेल याचा विचार करावा, आणि पाठविणाऱ्याने आकड्याशी खेळू नये, एवढे जरी या लेखातून कोणाच्या लक्षात राहिले तरी श्रमाचे सार्थक झाले असे मी समजेन.