चाकणचा मुक्काम: हॉटेलचे पॉइंट की विमानाचे माइल्स

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण आणि तळेगाव या औद्योगिक पट्ट्यात यंत्रे बसवण्यासाठी, ऑडिटसाठी किंवा पुरवठादारांच्या बैठकांसाठी वारंवार येऊन राहणाऱ्यांना, आणि याच पट्ट्यातून श्रीपेरुंबुदुर, मानेसर, साणंद किंवा थेट जर्मनीला जाणाऱ्यांना, हॉटेलच्या बिलावर मिळणारा मोबदला हॉटेलच्या पॉइंटांत घ्यावा की विमान कंपनीच्या माइल्समध्ये, हा प्रश्न एकदा तरी विचारला जातो. तो विचारला जातो सदस्यत्वाचा अर्ज भरताना, म्हणजे ज्या क्षणी अर्जदाराला दोहोंपैकी कशाचेच मोल ठाऊक नसते. त्या वेळी घाईने केलेली निवड खात्यात तशीच राहते, पुढच्या प्रत्येक मुक्कामाला लागू होत जाते, आणि ती तोट्याची होती हे कुटुंबासह कुठे जायचे ठरले की मगच लक्षात येते.

या योजनांचा आरंभ विमान कंपन्यांनी केला. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी आपल्या नेहमीच्या प्रवाशांसाठी खाती उघडली आणि उडालेल्या अंतराइतके माइल्स त्यांत जमा करण्यास सुरुवात केली; दोनच वर्षांनी, १९८३ मध्ये, हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेलसाखळ्यांनी तोच मार्ग धरला. पुढे हॉटेले विमान कंपन्यांकडून माइल्स विकत घेऊन आपल्या पाहुण्यांना देऊ लागली, आणि ‘पॉइंट की माइल्स’ ही निवड तिथून आली. आता अनेक कंपन्यांत माइल्सचा अंतराशी संबंध उरलेला नाही. एअर इंडियाने एप्रिल २०२४ पासून आपल्या योजनेतील मोबदला भाड्याच्या रकमेवर बेतला, आणि २००६ पासून उडणाऱ्या इंडिगोने २०२४ मध्ये आणलेली ब्लूचिप योजनाही खर्चावरच चालते. त्यामुळे पॉइंट असोत की माइल्स, दोन्ही म्हणजे उशिरा मिळणारी आणि एका कंपनीच्याच दारात चालणारी सवलत आहे असे समजून त्यांची तुलना करणे योग्य ठरते.

चाकण आणि हिंजवडी या दोन्ही ठिकाणी मॅरियट समूहाची कोर्टयार्ड हॉटेले असल्याने तुलनेसाठी त्या समूहाची बॉनव्हॉय ही योजना घेणे सोयीचे आहे. तिच्या बहुतेक हॉटेलांत सदस्याला एका अमेरिकी डॉलरच्या खर्चामागे १० पॉइंट मिळतात, आणि ही रक्कम कर वगळून धरली जाते. समजा चार रात्रींचे करांपूर्वीचे भाडे २७,००० रुपये झाले आणि हिशेबासाठी डॉलर ९० रुपयांना धरला, तर खर्च ३०० डॉलरचा आणि मोबदला ३,००० पॉइंटांचा होतो. त्याच सदस्याने खात्यात पॉइंटांऐवजी माइल्सची निवड नोंदवली असेल, तर त्याला डॉलरमागे साधारण एक किंवा दोन, म्हणजे एकूण ३०० ते ६०० माइल्स मिळतात. मात्र तेच ३,००० पॉइंट नंतर बहुतेक भागीदार विमान कंपन्यांकडे तिनास एक या दराने वळवता येतात आणि त्यांचे १,००० माइल्स होतात. याचा अर्थ असा की ज्याला केवळ माइल्सच हवे आहेत त्यानेसुद्धा आधी पॉइंट घ्यावेत आणि मग ते वळवावेत. थेट माइल्स घेणारा त्याच बिलावर निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी पदरात पाडून घेतो.

रक्कम वाढते तसे हे अंतर रुंदावते. एकदम ६०,००० पॉइंट वळवल्यास, काही मोजक्या विमान कंपन्या सोडल्या तर, २०,००० माइल्सवर ५,००० माइल्सची भर मिळते. वरच्याच दराने ६०,००० पॉइंट म्हणजे ५,४०,००० रुपयांचे भाडे, म्हणजे ६,७५० रुपयांच्या खोलीत ८० रात्री. नवी प्रेसलाइन उभी करणाऱ्या अभियंत्याच्या वर्षभराच्या मुक्कामांत हा आकडा अशक्य नाही. त्याचे २५,००० माइल्स होतात, तर थेट माइल्सची निवड करणाऱ्याच्या खात्यात ६,००० ते १२,००० पडतात. शिवाय वारंवार राहणाऱ्या सदस्याला वर्षातील रात्रींच्या संख्येवरून जो दर्जा मिळतो (या योजनेत १० रात्रींना सिल्व्हर, २५ ना गोल्ड, ५० ना प्लॅटिनम), त्या दर्जामुळे मिळणारे वाढीव पॉइंट माइल्स निवडणाऱ्याला मिळत नाहीत. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पॉइंटांचे माइल्स होतात, पण खात्यात एकदा पडलेल्या माइल्सचे सहसा पुन्हा हॉटेलचे पॉइंट होत नाहीत. पॉइंट घेणारा निर्णय पुढे ढकलतो, माइल्स घेणारा तो पहिल्याच दिवशी संपवून टाकतो, आणि वर्षभराने आपल्याला खोली लागणार आहे की तिकीट हे त्या दिवशी कुणालाच माहीत नसते.

हा निष्कर्ष सरसकट सगळ्या साखळ्यांना लावणे मात्र चुकीचे होईल. चिंचवडला डबलट्री हे हॉटेल ज्या हिल्टन समूहाचे आहे, त्या समूहात एकाच मुक्कामावर पॉइंट आणि माइल्स दोन्ही मिळण्याची सोय २०१८ पर्यंत होती. ती बंद झाल्यानंतर उरलेला रूपांतराचा दर बहुतेक विमान कंपन्यांसाठी १०,००० पॉइंटांना १,००० माइल्स असा आहे, म्हणजे तेथे पॉइंट हॉटेलमध्येच वापरणे शहाणपणाचे. हॉलिडे इन ज्या समूहात मोडते त्या आयएचजीच्या योजनेत १०,००० पॉइंटांना २,००० माइल्स मिळतात. आयबिस आणि नोव्होटेल चालवणाऱ्या अ‍ॅकॉर समूहाने पॉइंटांचे मोल युरोत बांधून दिले आहे, २,००० पॉइंटांना बिलात ४० युरोंची सूट. त्यात मोठा लाभ नाही, पण फसगतही नाही. पिंपरी आणि वाकडच्या जिंजर हॉटेलांत उतरणाऱ्यांना टाटा समूहाची न्यूकॉइन्स मिळतात, ज्यांतील एक एका रुपयाइतके धरले जाते. असे बांधलेले मोल कमी दिसले तरी त्याचा हिशेब कोणालाही करता येतो, आणि ज्यांना अशा योजनांचे तक्ते वाचण्याची हौस नाही त्यांच्यासाठी हीच निवड अधिक चांगली आहे.

थेट माइल्स घेणे योग्य ठरेल अशी परिस्थिती एकच दिसते, आणि ती चाकणला येणाऱ्यांपैकी पुष्कळांची असते. वर्षातून तीन-चारच मुक्काम, तेही कंपनी जिथे सांगेल त्या वेगवेगळ्या साखळ्यांत, असे असेल तर प्रत्येक साखळीच्या खात्यात थोडेथोडे पॉइंट पडून राहतात, कोठेच एका रात्रीचीही बेरीज होत नाही, आणि बॉनव्हॉयसारख्या योजनेत २४ महिने कोणतीही हालचाल झाली नाही तर ते रद्द होतात. अशा प्रवाशाने, ज्या साखळ्यांत तशी सोय आहे त्या सर्वांतील मोबदला एकाच विमान कंपनीच्या खात्यात वळवला, तर दर कमी असूनही काहीतरी हाती लागते. त्यातही मुदतीचे नियम पाहणे अगत्याचे आहे, कारण सिंगापूर एअरलाइन्सच्या योजनेत माइल्स तीन वर्षांनी संपतात आणि मधल्या काळातील नव्या प्रवासाने जुन्या माइल्सची मुदत वाढत नाही.

माइल्सचे मोल शेवटी त्या कंपनीच्या आयुष्याशी बांधलेले असते, हे महाराष्ट्रातील प्रवाशांनी एका दशकात दोनदा पाहिले आहे. किंगफिशरची उड्डाणे ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली आणि तिच्या सदस्यांकडील माइल्स निरुपयोगी झाले. मुंबईतून कारभार चालवणाऱ्या जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ रोजी उडाले; तिची सदस्यत्व योजना स्वतंत्र कंपनीकडे असल्याने ती इंटरमाइल्स या नावाने टिकली आणि माइल्सही टिकले, पण ज्या विमानात बसण्यासाठी लोकांनी ते जमवले होते तेच उरले नाही. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली तेव्हा सदस्यांचे पॉइंट नव्या योजनेत वर्ग झाले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. मार्गांचेही तसेच आहे. जर्मन वाहन कंपन्यांच्या वर्दळीमुळे लुफ्तान्साने २००८ मध्ये पुणे ते फ्रँकफर्ट थेट सेवा सुरू केली होती, ती पुढे बंद पडली, आणि पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून थेट जाण्याच्या आशेने माइल्स जमवणाऱ्यांना पुन्हा मुंबईची वाट धरावी लागली.

हॉटेलसाखळ्याही बदलतात, तेव्हा त्यांना निर्दोष ठरवण्याचा येथे हेतू नाही. मॅरियटने २०१६ मध्ये स्टारवूड समूह विकत घेतला आणि दोन्हींच्या योजना एक करून २०१९ मध्ये त्यांना बॉनव्हॉय हे नाव दिले. खात्यांतील पॉइंट वाचले, परंतु २०२२ पासून मोफत रात्रीसाठी लागणाऱ्या पॉइंटांचा ठरलेला तक्ता गेला आणि खोलीच्या मागणीप्रमाणे आकडा वरखाली होऊ लागला. म्हणून पॉइंट म्हातारपणासाठी साठवण्याची वस्तू नव्हे; दीड-दोन वर्षांत ते खर्च करावेत. खर्च करताना कुटुंबाचा विचार केला तर तराजू पुन्हा हॉटेलकडे झुकतो, कारण पॉइंटांवर मिळालेल्या एका खोलीत नवरा-बायको आणि लहान मूल राहू शकते, तर माइल्सवर मिळालेल्या एका तिकिटावर एकच माणूस जातो, त्यावरचे कर आणि अधिभार वेगळे भरावे लागतात, आणि दिवाळीच्या सुट्टीत माइल्सवरची तिकिटे मिळणे कठीण होऊन बसते. बॉनव्हॉयमध्ये पॉइंटांवर सलग पाच रात्री घेतल्यास चारच रात्रींचे पॉइंट कापले जातात, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या पट्ट्यातील खरे नुकसान मात्र चुकीच्या निवडीने होते त्याहून अधिक, काहीच न मिळाल्याने होते. खोली कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कने एखाद्या बुकिंग संकेतस्थळावरून घेतली असेल, तर बहुतेक साखळ्या त्या मुक्कामावर पॉइंटही देत नाहीत आणि दर्जासाठी रात्रही मोजत नाहीत. हाच मुक्काम हॉटेलशी ठरलेल्या कॉर्पोरेट दराने, हॉटेलच्या स्वतःच्या यंत्रणेतून नोंदवला तर सामान्यतः दोन्ही मिळते. दुसरी गळती नावाची आहे. आरक्षणात सदस्य क्रमांक घातलेला नसतो, किंवा आधारकार्डावरील नाव आणि खात्यातील नाव जुळत नाही, आणि सकाळी सहाच्या पाळीला पोहोचायचे असल्यामुळे पाहुणा काउंटरवर विचारायला थांबत नाही. चेक-इन करतानाच क्रमांक नोंदला आहे की नाही हे विचारावे, बिलाची प्रत स्वतःकडे ठेवावी, आणि आठ-दहा दिवसांत मोबदला जमा झाला नाही तर त्याच प्रतीच्या आधारे मागणी करावी, कारण अशा मागणीला मुदत असते. महिनोन्‌महिने चालणाऱ्या कामासाठी मोशी, वाकड किंवा पिंपळे सौदागरला भाड्याने घेतलेल्या सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये सहसा यांपैकी काहीच मिळत नाही, पण तेथे स्वतःचे जेवण करता येते आणि कंपनीचा खर्च वाचतो, म्हणून पॉइंटांसाठी ते टाळणे हा शुद्ध अविचार होय.

तोच अविचार अंतराच्या बाबतीत दिसतो. चाकणच्या कारखान्यात काम असताना दर्जासाठी रात्री मोजल्या जाव्यात म्हणून हिंजवडीला किंवा विमाननगरला उतरणे म्हणजे पुणे-नाशिक महामार्गावर किंवा तळेगाव-चाकण रस्त्यावर रोजचे कित्येक तास घालवणे. अवजड वाहनांच्या त्या रांगांत गेलेल्या वेळेची भरपाई कोणत्याही योजनेत नाही. उलट कामाच्या जवळच असलेल्या साखळीत रात्री जमल्या, तर दर्जाचा उपयोग या पट्ट्यात विशेष होतो: बॉनव्हॉयच्या गोल्ड सदस्याला हॉटेलच्या सोयीनुसार दुपारी दोनपर्यंत आणि प्लॅटिनम सदस्याला चारपर्यंत खोली सोडण्याची मुभा मिळते, आणि संध्याकाळच्या विमानासाठी लोहगाव गाठायचे असेल तेव्हा कारखान्यातून येऊन आंघोळ करून निघता येते. हा लाभ माइल्सने मिळत नाही. साखळी निवडताना पुढचे काम कोठे आहे तेही पाहावे, कारण चाकणचा प्रकल्प संपून श्रीपेरुंबुदुरला जायचे असेल आणि तेथे त्या साखळीचे हॉटेलच नसेल तर जमलेला दर्जा वाया जातो.

राहिला प्रश्न मालकीचा, आणि तो टाळण्यासारखा नाही. जर्मनीच्या संघीय कामगार न्यायालयाने ११ एप्रिल २००६ च्या निकालात, मालकाच्या खर्चाने केलेल्या प्रवासातील माइल्स कामाच्याच प्रवासासाठी वापरण्यास मालक कर्मचाऱ्याला सांगू शकतो, असे ठरवले. चाकणमध्ये जर्मन मालकीच्या अनेक कंपन्या असल्याने तेथील प्रवासधोरण वाचल्याशिवाय खात्यातील मोबदला आपलाच आहे असे कर्मचाऱ्याने गृहीत धरू नये. आणि धोरणाने मुभा दिली असली तरी केवळ पॉइंट अधिक मिळतात म्हणून कंपनीच्या पैशाने महाग खोली घेणे हा विश्वासघात आहे, त्याला दुसरे नाव देता येत नाही. भोसरीच्या एमआयडीसीतील लहान कारखानदाराची बाजू वेगळी आहे. स्वतःचा आणि आपल्या दोन माणसांचा मुक्काम तो स्वतःच्या खिशातून भरतो, आणि बॉनव्हॉयसारख्या योजनेत सदस्य स्वतः तेथे राहत असून त्यानेच पैसे भरले असतील तर तीन खोल्यांपर्यंतचे पॉइंट त्याच्या एकाच खात्यात जमा होऊ शकतात. अशा कारखानदाराने थेट माइल्सचा पर्याय खात्यातून आजच काढून टाकावा, तिन्ही खोल्या एकाच आरक्षणाखाली हॉटेलकडूनच घ्याव्यात, आणि जमलेल्या पॉइंटांवर ग्राहकाच्या गावच्या पुढच्या फेरीची खोली घ्यावी, जेणेकरून ती रक्कम धंद्यातच राहील.