खिमा डोळ्यांदेखत करून घे

नंदुरबार

चिरंजीव बाळा,

परवा दाजींच्या पुतण्याच्या लग्नात तुझ्या चाळीतला तो उंच पोरगा भेटला. पंगतीत माझ्या शेजारी बसून कौतुकाने सांगत होता, की तुमचा भाचा सुट्टीला हायवेवरून तयार खिमा आणतो, निम्म्या भावात. त्यानंतर मला घास गेला नाही.

अरे, निम्म्या भावात बोकड कोण देतो? तुकड्यात हाड दिसतं, चरबी दिसते. यंत्रातून निघालं की बोकड काय न् दुसरं काय, कोण ओळखणार? त्यात तू पलसाण्यात, म्हणजे गुजरातेत. तिथे १९५४ चा पशुसंरक्षण कायदा आहे, तो २०१७ साली इतका कडक केला, की गोहत्येला कमीत कमी १० वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. गोमांस विकत घेणाराही त्यातून सुटत नाही. तू म्हणशील, मला काय माहीत मामा, मी खिमा म्हणून घेतला. ते पोलिसाला सांगून बघ. नमुन्याचा अहवाल येईपर्यंत घरी कोण कमावणार? गेटबाहेर उभ्या राहणाऱ्या पोरांची तुझ्या डाइंग मिलला कमतरता नाही.

पोलिसाचं राहू दे. तुकड्याला लागलेली घाण वरवरच असते, खिमा केला की ती आतपर्यंत मिसळते. उन्हात, रस्त्याच्या धुरात तो कधीपासून पडलाय कोण जाणे. धाकटीला मागे जुलाब लागले होते ते तू आम्हाला कळवलंही नाहीस. तुझ्या बहिणीकडून कळलं. त्या आठवड्यातही तोच खिमा होता का?

रागावलो. पण तू का आणतोस ते मला कळतं. दोन्ही नातवंडांना आठवड्यातून एकदा तरी खाऊ घालावं, एवढंच ना तुझ्या मनात. मीही सुरतेत राबलो. खोलीत आम्ही सगळे जण पाळीपाळीने झोपायचो, खानावळीचा डबा खायचो आणि पगाराची मनीऑर्डर इकडे करायचो. दिवाळीला घरी आलो की तुझी मामी मला पाहुण्यासारखं पाटावर बसवून वाढायची, पोरं दारामागून बघायची. पोरांच्या ताटात काय असतं हे मी कधी पाहिलंच नाही. तू बायकापोरं जवळ ठेवलीस हे फार शहाणपणाचं केलंस. मला तेवढी बुद्धी झाली नाही.

तेव्हा खिमा बंद करू नकोस, कमी आण. पाव किलो बोकडाचे तुकडे ओळखीच्या दुकानातून घे, तिथेच उभा राहून समोर खिमा करून घे, सरळ घरी ये. अर्धी वाटी हरभऱ्याची डाळ आधी भिजत घाल, दोन बटाटे चिर. कांदा न् खोबरं गॅसवर काळं होईस्तोवर भाज, लसूण-आल्याबरोबर वाट. खिमा आधी कोरडाच परत. पाणी सुटेल, ते आटून तेल दिसू लागलं की मगच वाटण आणि काळा मसाला टाक, इथे घाई करायची नाही. मग डाळ, बटाटा, गरम पाणी, झाकण. डाळ बोटाने चेपली जाईपर्यंत शिजव. डाळीला मटणाची चव लागते, पाव किलोत घर जेवतं. दादर ज्वारीची भाकरी सूनबाई करेलच. ती दिवसभर साड्यांना टिकल्या लावून दमते, तर खिमा तूच कर. मला तो सुरतेतच एका साथीदाराने शिकवला, लाज कसली त्यात? पगार लांबला तर सोयाबीनच्या वड्या भिजवून, पिळून, याच वाटणात टाक. पोरं ओरपतील.

पण तो तयार खिमा नको. मी पुन्हा सांगतोय, सांगू दे.

नातू भाजी चिवडतो म्हणे. तूही तसाच होतास. तुझी आई कामावर गेली, की मीच तुला मांडीवर घेऊन भाकरी कुस्करून द्यायचो. त्याला मारू नकोस, शेजारी घेऊन बस. पैसे कमी पडले तर मला लिही, सावकाराकडे जाऊ नकोस.

मामीने मिरची वाळवून मसाला केलाय. बुधवारच्या सुरत एसटीत तुझा आतेभाऊ येतोय, त्याच्याकडे डबा दिलाय. कडोदऱ्याला जाऊन घे आणि डबा रिकामा झाला की परत पाठव, मामीला तोच लागतो.

तुझा,
मामा