तेलविहिरीची उष्णता आणि गवारीचा डिंक
ग्वारगमच्या व्यापाऱ्याने जाणून घ्यावे असे थोडे रसायनशास्त्र

आपण विकतो तो माल शेवटी कोठे जातो आणि तेथे त्याच्याकडून कोणते काम घेतले जाते, हे ज्या व्यापाऱ्याला ठाऊक नसते त्याचा भाव नेहमी दुसराच ठरवितो. ग्वारगम हे याचे बोलके उदाहरण होय. आपल्याकडे गवार म्हटली की ताटातील भाजी आठवते. राजस्थान, हरियाणा आणि गुजरातेत मात्र हे पीक मुख्यतः बियांसाठी घेतले जाते. जगातील गवारीपैकी सुमारे ८० टक्के एकट्या भारतात पिकते आणि तिच्या बियांपासून निघणारा डिंक परदेशी जातो.

मार्च २०१२ मध्ये या डिंकाचा भाव क्विंटलला १ लाख रुपयांच्या घरात पोहोचला. त्याच महिन्यात वायदे बाजार आयोगाला गवार बी आणि ग्वारगम यांचे वायदे बंद करावे लागले. ते मे २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाले. २०१२-१३ या वर्षात सुमारे ४ लाख टन डिंक निर्यात होऊन २१ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम देशात आली. तीनच वर्षांनी, २०१५-१६ मध्ये, सुमारे सव्वातीन लाख टन माल गेला, पण रक्कम आली जेमतेम ३,२०० कोटी. म्हणजे टनामागे सव्वापाच लाखांवरून भाव १ लाखाच्या आसपास उतरला. पीक तेच, गिऱ्हाईकही तेच. मग बदलले काय? याचे उत्तर जोधपूरच्या मंडीत सापडत नाही. ते जमिनीखाली तीन-चार किलोमीटरवर आहे.

खडक फोडण्याची विद्या

तेल किंवा वायू जमिनीखाली तळ्यासारखा साठलेला नसतो. तो खडकाच्या बारीक छिद्रांत असतो. छिद्रे एकमेकांना नीट जोडलेली नसतील, तर विहीर खोदूनही माल वर येत नाही. अशा वेळी जबर दाबाने द्रव आत ढकलून खडकाला चिरा पाडतात. यालाच हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग म्हणतात. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात ह्यूगोटन वायुक्षेत्रात १९४७ साली याचा पहिला प्रयोग झाला, तो घट्ट केलेल्या पेट्रोलने. १९४९ पासून ओक्लाहोमा आणि टेक्सासमध्ये हे काम धंदा म्हणून सुरू झाले. १९५३ च्या सुमारास पेट्रोलियमऐवजी पाणी वापरण्यास प्रारंभ झाला.

चीर पडली तरी दाब काढताच ती मिटते. म्हणून द्रवाबरोबर वाळू आत पाठवितात. वाळूचे कण चिरेत अडकून तिला उघडी ठेवतात. पण नुसत्या पाण्यात वाळू टाकली तर ती लगेच तळाशी बसते. म्हणून पाण्याला दाटपणा द्यावा लागतो. हे काम आपला ग्वारगम करतो.

डिंक दाट का होतो?

गवारीच्या बीचे तीन भाग असतात: वरचे साल, मधला अंकुर आणि दोन्ही बाजूंचा पांढरट गर. गर वेगळा केला की त्याला बाजारात स्प्लिट म्हणतात. तो दळून डिंक होतो. साल व अंकुर चुरी आणि कोरमा या नावाने गुरांच्या खाद्यात जातात. चांगल्या गिरणीत १०० किलो बियांपासून साधारण ३० किलो डिंक हाती येतो.

हा डिंक म्हणजे एक नैसर्गिक पॉलिमर, अर्थात साखरेच्या लहान रेणूंची हजारो दुव्यांची लांब साखळी. मॅनोज नावाच्या साखरेचा कणा आणि त्याला दर दोन दुव्यांमागे सुमारे एक या हिशेबाने गॅलॅक्टोज साखरेची फांदी, अशी तिची रचना असते. पाण्यात पडताच या साखळ्या उलगडतात, पसरतात आणि पाण्याला अडवून धरतात. १,००० लिटर पाण्यात अडीच ते पाच किलो डिंक पुरतो. त्यात बोरॉनचे क्षार टाकले की ते एका साखळीला दुसरीशी बांधतात आणि खळीसारखा द्रव क्षणात थलथलीत जेल बनतो. या बांधणाऱ्या द्रव्याला क्रॉसलिंकर म्हणतात.

आता हिशेब पाहा. समजा, एका विहिरीच्या कामाला १० लाख लिटर द्रव लागला आणि दर हजार लिटरला ३.६ किलो डिंक पडला, तर ३.६ टन डिंक झाला. त्यासाठी १२ टन बी हवे. कोरडवाहू जमिनीत हेक्टरी ५ क्विंटल उतारा धरला, तर २४ हेक्टरांचे पीक एका कामात खपले. असंख्य विहिरी एकाच वेळी खोदल्या जाऊ लागल्यावर भाव का भडकला, हे यावरून समजेल.

उष्णता हा खरा शत्रू

जमिनीत खोल जावे तसे तापमान वाढते. दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सियस ही सर्वसाधारण वाढ होय. वर ३० अंश असेल तर ४ किलोमीटर खाली १५० अंशांची भट्टी असते. तेथे द्रवाने तास-दोन तास दाटपणा टिकविला पाहिजे. तो मध्येच पातळ झाला तर वाळू चिरेच्या तोंडाशीच साचते, पंप अडतो आणि लाखो डॉलरचे काम वाया जाते.

उष्णतेने जेल बिघडण्याची कारणे मुख्यतः तीन आहेत.

पहिले, पाण्यात विरघळलेला प्राणवायू. साध्या तापमानाला १,००० लिटर पाण्यात सुमारे ९ ग्रॅम प्राणवायू असतो. दिसायला हे प्रमाण क्षुल्लक आहे. पण उष्णतेत तोच साखळीवर हल्ला करतो आणि तिचे तुकडे पाडतो.

दुसरे, आम्लता. साखरेचे दोन दुवे ज्या बंधाने जोडलेले असतात, तो बंध गरम आम्लधर्मी पाण्यात तुटतो.

तिसरे, बोरॉनची पकड. ती मुळातच सैल असते, सुटते आणि पुन्हा बसते. पंपातून घुसळून निघाल्यावर जेल पुन्हा सावरते, हा तिचा गुण होय. परंतु तापमान वाढले की बांधण्यास उपलब्ध असलेला बोरॉन कमी होतो आणि पकड ढिली पडते. सर्व काळजी घेऊनही बोरॉन-ग्वार जेल साधारण १२० ते १५० अंशांपर्यंतच भरवशाचे मानले जाते.

उपाय कोणते?

उष्णता सोसणारे जेल बनविणारे रसायनज्ञ एका पायरीवर थांबत नाहीत. ते एकावर एक पायऱ्या रचतात.

पहिली पायरी डिंकालाच सुधारण्याची. प्रोपिलीन ऑक्साइडची प्रक्रिया केली की हायड्रॉक्सिप्रोपिल ग्वार तयार होते. कच्च्या डिंकात न विरघळणारा गाळ शेकडा ६ ते १० असतो, तो या प्रक्रियेत बराच कमी होतो. त्यावर मोनोक्लोरोॲसेटिक आम्लाची आणखी एक प्रक्रिया केली की साखळीवर नवे हात येतात. या हातांना धातू घट्ट धरू शकतात.

दुसरी पायरी धातूंची. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून टायटॅनियम आणि पुढे झिर्कोनियम यांचे क्रॉसलिंकर वापरात आले. त्यांची पकड बोरॉनपेक्षा मजबूत असते. अशी जेल १५० अंशांच्या वर, १७५ अंशांच्या आसपासही टिकते. मात्र ही पकड एकदा घुसळून तुटली की पुन्हा जुळत नाही. म्हणून जेल नळीत असताना घट्ट न होता विहिरीच्या तळाजवळ घट्ट व्हावी, अशी योजना करावी लागते. धातूला दुसऱ्या द्रव्याने तात्पुरते झाकून ही दिरंगाई मुद्दाम घडवून आणतात.

तिसरी पायरी रक्षणाची. सोडियम थायोसल्फेटसारखे द्रव्य घालून प्राणवायू संपवून टाकतात आणि पाणी योग्य तेवढे अल्कधर्मी ठेवतात.

चौथी पायरी म्हणजे गवारच सोडून देणे. २०० अंश आणि त्यापुढे साखरेची साखळी टिकणे कठीण. तेथे कारखान्यात बनविलेले ॲक्रिलअमाइडचे पॉलिमर वापरतात. त्यांचा कणा कार्बनचा असल्याने उष्णतेत सहजी तुटत नाही. पण साध्या पॉलिॲक्रिलअमाइडचे दोष आहेत. उष्णतेत त्याचे स्वरूप बदलते आणि पाण्यात कॅल्शियम असल्यास ते साका होऊन बसते. म्हणून त्यात सल्फोनेट गट असलेला दुसरा घटक मिसळतात, तो साखळीला क्षारांपासून व उष्णतेपासून आधार देतो.

टिकावे, पण वेळेवर मोडावे

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जेल कायम टिकली तर तेही नुकसानच. वाळू जागेवर बसल्यानंतर जेल पाण्यासारखी पातळ होऊन बाहेर आली पाहिजे, अन्यथा जी वाट उघडली तीच ती बुजविते. यासाठी ब्रेकर नावाचे द्रव्य आधीच मिसळलेले असते. अमोनियम परसल्फेट हे नेहमीचे ब्रेकर. पण फार उष्ण विहिरीत ते वेळेआधीच काम उरकते. म्हणून त्याच्या कणांवर लेप देतात, किंवा ब्रोमेटसारखे सावकाश काम करणारे द्रव्य घेतात. कमी तापमानात ग्वार तोडण्यासाठी एन्झाइमही चालतात. कृत्रिम पॉलिमर मोडणे त्यामानाने अवघड असते. उष्णता सोसण्याची किंमत ती अशी. जितके टिकाऊ, तितके मोडण्यास कठीण.

म्हणून प्रयोगशाळेत दोन्ही परीक्षा होतात. बंद भांड्यात, दाबाखाली, विहिरीच्या तापमानाला जेल तास-दोन तास फिरवून तिचा दाटपणा मोजतात. साध्या पाण्याचा दाटपणा १ धरला, तर शेवटीही तो निदान ५० राहावा, ही एक प्रचलित कसोटी आहे. नंतर ब्रेकर घालून ती किती वेळात आणि किती गाळ ठेवून मोडते ते पाहतात. आपल्या पनवेल येथे ओएनजीसीची तेल व वायू उत्पादन तंत्रज्ञान संस्था आहे, हे रसायनशास्त्र व अभियांत्रिकी शिकणाऱ्या तरुणांनी नोंदवून ठेवावे.

हा विषय परदेशापुरता नाही. राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात रागेश्वरी येथे सुमारे ३ किलोमीटर खोल ज्वालामुखीजन्य घट्ट खडकातून वायू काढण्यासाठी फ्रॅक्चरिंग करावे लागते. तोच जिल्हा गवारही पिकवितो. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील दीनदयाळ क्षेत्राची घोषणा २००५ मध्ये मोठ्या गाजावाजाने झाली. ५ किलोमीटरच्या आसपासची खोली, अतिउच्च दाब आणि तापमान व घट्ट खडक यांपुढे अपेक्षेइतका वायू हाती आला नाही. २०१७ मध्ये त्यातील ८० टक्के हिस्सा ओएनजीसीकडे गेला.

भाव का पडला?

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. भाव अवाच्या सवा वाढला तेव्हा अमेरिकेतील सेवा कंपन्यांनी प्रथम साठा केला आणि लगोलग ग्वारला पर्याय शोधले. शेल खडकात अनेक ठिकाणी दाट जेलऐवजी पातळ पाणीच प्रचंड वेगाने ढकलण्याची पद्धत रूढ झाली. त्यात घर्षण कमी करण्यास थोडे पॉलिॲक्रिलअमाइड पुरते. पुढे २०१४ च्या मध्यापासून कच्चे तेल घसरले आणि जानेवारी २०१६ मध्ये पिंपाला ३० डॉलरच्या खाली गेले. विहिरी थांबल्या, डिंक पडून राहिला. चढ्या भावाच्या आशेने ज्यांनी बी साठविले होते, त्यांचे भांडवल त्यात अडकले.

म्हणजे ग्वारला वरून आणि खालून असा दोन्हीकडून शह आहे. अतिउष्ण विहिरीत कृत्रिम पॉलिमर, आणि शेलमध्ये पातळ पाणी. मधला पट्टा, म्हणजे साधारण ६० ते १७५ अंशांच्या विहिरी, तेथे ग्वार आजही स्वस्त आणि उपयुक्त आहे.

व्यापारी बांधवांनी काय करावे?

१. नुसते बी किंवा स्प्लिट विकण्यापेक्षा प्रक्रिया केलेला माल अधिक काळ टिकाव धरतो. उष्ण विहिरींना हवा असतो तो सुधारित ग्वार.

२. तेलक्षेत्राचे गिऱ्हाईक तीन गोष्टी विचारते: डिंक किती मिनिटांत फुगतो, अखेरचा दाटपणा किती आणि गाळ किती. या तिन्हींचा दाखला प्रत्येक खेपेबरोबर द्यावा.

३. भेसळ व दुर्लक्ष यांपासून दूर राहावे. २००७ मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या काही ग्वारगममध्ये पेंटाक्लोरोफिनॉल आणि डायॉक्सिन आढळले. पुढच्याच वर्षी युरोपीय संघाने भारतीय ग्वारगमवर तपासणीच्या खास अटी लादल्या. काहींच्या चुकीचा भुर्दंड सर्वांना पडला.

४. एकाच गिऱ्हाइकावर विसंबू नये. खाद्यपदार्थ, कापड छपाई, कागद आणि औषधे यांतही हा डिंक लागतो. तेथील मागणी कमी असली तरी स्थिर असते.

५. मंडीतील भावाबरोबर कच्च्या तेलाचा भाव आणि चालू विहिरींची संख्याही पाहत जावी.

शेतकरी पावसाकडे पाहून गवार पेरतो. पण त्याच्या पोत्याची किंमत पुष्कळदा दूरच्या विहिरीतील उष्णतामापक ठरवितो. हा धागा जो व्यापारी ओळखील, तो तेजीत वाहून जाणार नाही आणि मंदीत बुडणार नाही.