गृहपाठ सकाळी सव्वाआठला येत नसतो

आधी एक गोष्ट सांगून टाकलेली बरी: उत्तर बरोबर होतं. ‘शी स्टार्टेड लर्निंग इंग्लिश फाइव्ह इयर्स अगो’ हे वाक्य अर्थ न बदलता, ‘शी हॅज’ने सुरुवात करून पुन्हा लिहायचं होतं. प्रस्तुत लेखिकेने ‘शी हॅज बीन लर्निंग इंग्लिश फॉर फाइव्ह इयर्स’ असं सांगितलं. व्हिएतनामच्या उत्तरसूचीत ‘शी हॅज लर्न्ट’ छापलेलं होतं. दोन्ही चालतात. पेणमध्ये उभी हयात इंग्रजी शिकवण्यात घालवलेल्या बाईला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. तरी ‘टीचर चुकीचं शिकवतात’ असा ठपका आला आणि त्या ठपक्यावर महिन्याभराचं मानधन अडकवलं गेलं.

(‘मी, मी’ करून लिहिलं की रडगाणं वाटतं. म्हणून हे सगळं तिसऱ्या माणसाच्या तोंडून.)

व्हिएतनामच्या मुलांना घरबसल्या इंग्रजी शिकवायचं काम तसं सरळ होतं. तिथलं घड्याळ आपल्यापुढे दीड तास. तिथली पोरं जेवून सात-साडेसातला वही उघडायची, तेव्हा पेणमध्ये दिवेलागणीची वेळ व्हायची. आठवीचं पुस्तक, धडे ओळखीचे: फावला वेळ, खेड्यातलं जीवन, सण आणि रीतीभाती, नैसर्गिक आपत्ती. प्रत्येक धड्याचे ठरलेले भाग आणि शेवटी प्रकल्प. गृहपाठाचे प्रश्नही ठरलेले. चार शब्दांतला वेगळ्या उच्चाराचा शब्द निवडा. कंसातल्या शब्दाचं योग्य रूप लिहा. आणि सगळ्यांत लाडका प्रश्न म्हणजे अर्थ न बदलता वाक्य पुन्हा लिहा. आपल्याकडच्या ‘रिमूव्ह टू’ आणि ‘नो सूनर दॅन’वर वाढलेल्या माणसाला त्यात परकं काही वाटत नाही.

मागणी कुठून येते तेही कळायला हवं. तिथे 2022-23 पासून तिसरीपासून इंग्रजी सक्तीचं होत गेलं. महाराष्ट्राने ते पहिलीपासून 2000 सालीच सुरू केलं होतं, हा भाग वेगळा. ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या सत्ताधारी पक्षाच्या पॉलिटब्यूरोने शाळांमध्ये इंग्रजीला हळूहळू दुसऱ्या भाषेचं स्थान द्यायचं, असं ठरवलं. नववीनंतर सरकारी शाळेत दहावीला जागा मिळवायची तर प्रवेश परीक्षा द्यावी लागते, त्यामुळे आठवीपासूनच घरादाराचा जीव टांगणीला. त्यात शिक्षण मंत्रालयाचं 29 क्रमांकाचं परिपत्रक 14 फेब्रुवारी 2025 पासून लागू झालं आणि शाळेतल्या शिक्षकांना आपल्याच वर्गातल्या मुलांकडून पैसे घेऊन शिकवणी घ्यायला बंदी आली. पालक बाहेर शोधू लागले तर नवल नाही. शोधणारा आणि शिकवणारा यांच्यामध्ये जो उभा राहतो, त्याचं नाव मध्यस्थ.

मुलांबद्दल मात्र तक्रार नाही. गोड पोरं. बोलावं तेवढं थोडं, चुका ठरावीक. त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटी ‘स’, ‘फ’ येत नाहीत आणि शेवटचा ‘ट’ ओठाबाहेर पडत नाही. त्यामुळे ‘नाइस’, ‘नाइफ’ आणि ‘नाइट’ तिन्ही ‘नाइ’ म्हणूनच ऐकू येतात. क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, काळ दाखवायला वेगळा शब्द जोडला की झालं, म्हणून ‘यस्टरडे आय गो’. एक चूक पाहून तर प्रस्तुत लेखिकेला हसूच आलं, कारण पेणच्या मुलांच्या वह्यांत ती तिने हजारदा लाल केली आहे: ‘ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वुई वेंट’. आपल्या ‘जरी-तरी’सारखी जोडी त्यांच्याही भाषेत आहे, तेव्हा त्यांनाही इंग्रजीत दुसरा पाय टाकल्याशिवाय वाक्य उभं राहिल्यासारखं वाटत नाही. ‘बिकॉज’च्या मागे ‘सो’ येतो तोही याच कारणाने. अमेरिकेहून शिकवणाऱ्याला ही चूक विचित्र वाटेल, मराठी शिक्षकाला ती घरचीच वाटते. मध्यस्थाने त्याच्या जाहिरातीत भारतीय शिक्षकांची ही जमेची बाजू कधी लिहिली नाही. ‘स्वस्त’ एवढं मात्र पालकांना न सांगता सुचवलं.

आता मूळ प्रकार.

तुळशीच्या लग्नाचे दिवस होते. शाळेचा वार, सकाळी सव्वाआठची वेळ. प्रस्तुत लेखिका अंगणात उसाचे तुकडे उचलत होती आणि फोनवर फोटो आला. सोबत नेहमीचं ‘टीचर हेल्प मी’ आणि हात जोडलेलं चित्र. गृहपाठ? सव्वाआठला? पेणला सव्वाआठ म्हणजे तिकडे पावणेदहा. पोरगी त्या वेळी वर्गात असायला हवी.

आधीचे फोटो नेहमी नीट कापलेले असायचे, फक्त प्रश्न. या वेळी घाईत पूर्ण पान आलं होतं. कोपऱ्यात निळ्या शाईने माखलेला अंगठा, पान किंचित तिरकं. वर ठळक अक्षरांत दोन ओळी, त्याखाली नाव लिहायची टिंबांची रेघ, कोरी. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर केलं आणि पडद्यावर आलं: पहिल्या सत्राची मध्यावधी परीक्षा, वेळ 60 मिनिटं.

क्षणभर वाचूनही विश्वास बसेना. पोरगी परीक्षेच्या बाकावर बसून बाकाखाली फोन धरून होती आणि समुद्रापलीकडून पेणच्या बाईंकडे उत्तरं मागत होती. मग मागचे सगळे फोटो एकेक करून पाहिले. त्यांतल्या काहींच्या वेळा सकाळच्या होत्या. ‘दुपारपाळीची शाळा असेल, सकाळी लिहीत असेल’ अशी समजूत मध्यस्थानेच करून दिली होती.

लेखिकेने उत्तर पाठवलं नाही. ‘परीक्षा संपली की बोलू’ एवढंच लिहिलं. अर्ध्या तासाच्या आत मध्यस्थाचा फोन. आवाज अतिशय नम्र. तो नम्र आवाजच आता जास्त डोक्यात जातो. ‘मॅडम, तुम्ही फार विचार करता. मदत म्हणजे मदत. पालक खूश तर आपण खूश.’ परीक्षा चालू आहे, हे त्याला माहीत होतं का, असं विचारलं. तो म्हणाला, ‘तिकडची सिस्टिम वेगळी आहे.’ कसली सिस्टिम? जगात कुठेही, कोऱ्या टिंबांच्या रेघेखाली ज्याचं नाव येणार, उत्तर त्यानेच लिहायचं असतं. हे त्याला सांगितलं. तो ‘बरोबर आहे मॅडम, बरोबर आहे’ म्हणाला आणि फोन ठेवला.

संध्याकाळी रोह्याहून फोन आला. लेखिकेचाच जुना विद्यार्थी, आता धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, जोडधंदा म्हणून त्याच मध्यस्थाकडे शिकवणारा. ‘बाई, आज सकाळी रात्रपाळीहून आलो नि एक पेपर आला. अर्जंट म्हणाले. झोपेतच सोडवून टाकला. नंतर नीट बघितला तर काहीतरी वेगळंच वाटतंय.’ त्याने फोटो पाठवला. तोच तिरका कागद, तोच शाईने भरलेला अंगठा. एकीने नाही म्हटलं, तर दुसऱ्याकडून दहा मिनिटांत करून घेतलं. त्याला काय बोलणार? त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्या महिन्याचे त्याचे पैसे वेळेवर आले, एवढं मात्र इथे नोंदवून ठेवायला हवं.

लेखिकेचे आले नाहीत. मागितले तेव्हा जुन्या गृहपाठातलं ते ‘हॅज बीन लर्निंग’ खणून काढण्यात आलं. ‘पालकांची क्वालिटीबद्दल तक्रार आहे.’ लेखिकेने व्याकरणाच्या पुस्तकांतली पानं फोटो काढून पाठवली. निळ्या खुणा झाल्या, म्हणजे वाचलं. उत्तर नाही. आईने खरंच तक्रार केली होती का, याचाही पत्ता नाही. तिच्याशी थेट बोलायची परवानगी शिक्षकाला कधीच नव्हती, सगळं मध्यस्थामार्फत.

एवढं झाल्यावर, जे हे काम घेणार आहेत त्यांच्यासाठी काही गोष्टी.

फोटो पूर्ण पानाचा मागा, वरच्या ओळींसकट. कापलेला फोटो आला तर उत्तर थांबवा. व्हिएतनामी अक्षरं रोमनच असतात, त्यावर खुणांची दाटी असते, त्यामुळे वाचता येत नसली तरी फोनचा कॅमेरा शीर्षकापुरतं ठीक भाषांतर करतो. आणि घड्याळ बघा, दीड तास मिळवून. तिकडच्या शाळेच्या वेळेत आलेला गृहपाठ हा गृहपाठ नसतो.

वाक्य पुन्हा लिहायच्या प्रश्नात दोन उत्तरं शक्य असतील तर दोन्ही लिहून द्या, आणि तिकडच्या उत्तरसूचीत साधारण कोणतं असतं तेही मुलाला सांगा. तिथले तपासणारे साच्यातलंच वाक्य धरतात. पेणजवळच्या हमरापूर-जोह्याच्या कारखान्यात गणपतीची मूर्ती साच्यातून निघते, पण डोळ्यांची आखणी हातानेच करावी लागते. तसं साच्याबाहेरचं इंग्रजीही मुलाला दाखवावं, फक्त लेखी, तारखेनिशी, म्हणजे उद्या कुणी ‘चुकीचं शिकवलं’ म्हटलं तर पुरावा हाताशी राहील.

‘समजलं का?’ विचारू नका. ‘येस टीचर’ येणारच. त्याऐवजी त्याच धर्तीचं वेगळं वाक्य द्या आणि गप्प बसा. ‘नाइस’चा ‘स’ लांबवून दहा वेळा म्हणून घ्या, पोरं हसतात आणि शिकतात. ‘ऑलदो’ नंतर ‘बट’ नाही हे पहिल्याच दिवशी शिकवा, बाकी सगळं सावकाश.

संयम ठेवावा, नेट चांगलं असावं, आवाज स्पष्ट असावा, हे सगळे सांगतातच. पावसाळ्यात पेण-रोह्यात लाईट कधी जाईल त्याचा नेम नसतो, तेव्हा फोन चार्ज करून ठेवावा.

पैशांचं बोलायला लाजू नका. शिक्षक लाजतात आणि मध्यस्थांचं फावतं. ‘तासाला दीड लाख’ ऐकून रोह्याचा विद्यार्थी क्षणभर उडालाच होता. पण ते डोंग होते. एका रुपयाला साधारण तीनशे डोंग, म्हणजे पाचशे रुपये. त्यातून मध्यस्थाचा वाटा किती, हे विचारल्यावर उत्तर मिळत नसेल, तर तो मोठा आहे असं समजावं. पैसे महिन्याने नव्हे, आठवड्याने घ्या. कशामुळे कापले जातील ते कामाआधी लिहून घ्या. ‘क्वालिटी’ हा शब्द करारात आला की त्याचा अर्थ कोण ठरवणार, तेही लिहून घ्या.

तिकडच्या पालकांशी एकदा तरी थेट बोलू द्या, अशी अट घाला. त्यांच्यात शिक्षकांचा मान मोठा. 20 नोव्हेंबरला त्यांचा शिक्षक दिन असतो, मुलं फुलं देतात. परीक्षेच्या बाकावरून फोटो येतात हे त्या आईला ठाऊक होतं, असं वाटत नाही. तिला ते कळलं असतं तर पोरीचे कान तिनेच उपटले असते.

त्याच मध्यस्थाचा निरोप पेण, नागोठणे, रोहा इथल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांत अजून फिरतो आहे: ‘घरबसल्या इंग्रजी, परदेशी विद्यार्थी, आकर्षक मानधन’. तो ज्यांच्या फोनवर येईल त्यांनी पहिल्या आठवड्याचे पैसे आगाऊ मागावेत. द्यायला तयार झाला तर काम घ्यावं. नाही म्हणाला तर निरोप पुढे पाठवू नये.