कर्मचाऱ्यांचे आरोग्य : मालकाने लक्ष का घालावे?

आजचा विषय निबंधाला आणि वक्तृत्व स्पर्धेला, दोन्हीकडे उपयोगी पडेल. विषय सोपा वाटतो, पण त्यात एक अडचणीचा प्रश्न आहे. आरोग्य ज्याचं त्याने सांभाळावं, असंच आपण लहानपणापासून ऐकतो. सकाळी लवकर उठा, चालायला जा, तळलेलं कमी खा. मग यात मालकाचा, कंपनीचा, दुकानदाराचा काय संबंध? त्याने पगार दिला की त्याचं काम संपलं ना?

उत्तर शोधायला आपण एका बसमध्ये चढूया.

ड्रायव्हर आणि कंडक्टर

ही बस लंडनची आहे, दुमजली. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला आणि तो 1953 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच संस्थेत नोकरीला, एकाच बसमध्ये. फरक कामाचा. ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर तिकिटं काढत वर-खाली शेकडो पायऱ्या चढतो. हृदयविकाराचं प्रमाण ड्रायव्हरांमध्ये जास्त आढळलं. टपाल खात्यातही तसंच दिसलं. पायी किंवा सायकलने पत्रं वाटणारे पोस्टमन हे टेबलावर बसून काम करणाऱ्यांपेक्षा बरे होते.

मॉरिस मात्र एवढ्यावर खूश होऊन थांबले नाहीत. त्यांनी गणवेशांची मापं तपासली. तेव्हा कळलं की ड्रायव्हरांच्या पँटची कंबर नोकरीच्या सुरुवातीपासूनच जरा मोठी असायची. म्हणजे सगळा दोष कामाला देता येत नाही. (विज्ञानाच्या तासाला आपण "निष्कर्ष काढण्याची घाई करू नये" म्हणतो, ते हेच.) पण आपलं काम आठ-आठ तास शरीराला एका साच्यात ठेवतं आणि त्याचा परिणाम होतो, ही गोष्ट तिथून जगाच्या लक्षात यायला लागली.

आता विचार करा, कामाचा साचा ठरवतो कोण? किती वेळ बसायचं, किती वेळ उभं राहायचं, जेवायची सुट्टी किती, घरी कधी जायचं? कर्मचारी नाही ठरवत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पण बारा तासांची ड्यूटी आणि येण्या-जाण्यात दोन-तीन तास गेले, तर त्या माणसाने ही मिनिटं आणायची कुठून?

रविवार आला कुठून?

आपल्या मुंबईचंच उदाहरण बघा. 19 व्या शतकात गिरणी कामगार सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत राबत, आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांच्या सभा घेऊन मागण्या मांडल्या. रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या त्यातल्या दोन. गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली ती 10 जून 1890 रोजी. या मागण्या नीट वाचल्या तर त्या आरोग्याच्याच मागण्या आहेत, फक्त तेव्हा त्यांना कुणी 'वेलनेस' म्हणत नव्हतं.

सगळेच मालक मात्र आंदोलनाची वाट बघत बसले नाहीत. जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात 1912 मध्येच आठ तासांचा दिवस सुरू झाला. कारखान्यांच्या कायद्यात 48 तासांचा आठवडा आला तो त्यानंतर तीस वर्षांहून जास्त काळाने.

खुर्ची

आता साडीच्या मोठ्या दुकानातल्या ताई आठवा. गिऱ्हाईक नसलं तरी त्या उभ्याच असतात. पाय सुजतात, कंबर धरते. केरळमध्ये दुकानातल्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि 2018 मध्ये तिथल्या कायद्यात बदल होऊन बसायची सोय करणं बंधनकारक झालं. 2021 मध्ये तमिळनाडूनेही तसा कायदा केला. एका खुर्चीसाठी कायदा करावा लागतो, हे वाचून मला तरी वाईट वाटलं.

21 जूनला ऑफिसात योगासनांचे फोटो निघतात. चांगलंच आहे. पण 22 जूनला रात्री दहा वाजता साहेबांचा फोन येणार असेल, तर त्या योगाचा काय उपयोग? माझ्या मते मालकाने जिम बांधण्याआधी पिण्याचं पाणी, स्वच्छ स्वच्छतागृह, वेळेवर सुट्टी आणि हक्काची आजारपणाची रजा एवढं बघावं.

मालकाचा फायदा

यात मालकाचाही फायदा आहे, तो निबंधात जरूर लिहा. दमलेला माणूस चुका करतो, यंत्रावर असेल तर अपघात होतो. आजारी माणूस हजेरी लावतो पण काम होत नाही. कंटाळून तो नोकरी सोडतो, मग नवीन माणसाला पहिल्यापासून शिकवावं लागतं. हा खर्च वहीत दिसत नाही म्हणून तो नाही असं वाटतं.

मालक कोण, हेच कळत नसेल तर?

इथे खरी अडचण येते. ऊसतोडीला जाणारे आई-बाबा आपल्यापैकी काहींच्या घरी असतील. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि आजारपणाने एक दिवस जरी चुकला तरी 'खाडा' म्हणून पैसे कापले जातात. म्हणून ताप असला, पाळीत पोट दुखत असलं, तरी फडात जावंच लागतं. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला तो याच पार्श्वभूमीवर. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे. या बाईला आजारपणाची रजा द्यायची कुणी? माझं मत विचाराल तर कारखान्याने, कारण साखर त्याच्या गोदामात जाते. पण तुम्ही तुमचं मत कारणांसह मांडा.

स्वाध्याय

1. लंडनच्या बस अभ्यासात गणवेशाच्या मापामुळे निष्कर्षात काय फरक पडला? तुमच्या शब्दांत लिहा.
2. लोखंडे यांच्या दोन मागण्या लिहा व त्यांचा आरोग्याशी संबंध सांगा.
3. घरातल्या कमावत्या व्यक्तीला विचारा : कामावर बसायला मिळतं का? जेवायला किती मिनिटं मिळतात? आजारी पडल्यावर पगार कापतात का? उत्तरं वहीत लिहून आणा, नावं लिहू नका.