परसबागेच्या कुंपणास करवंद

घराच्या वा शाळेच्या परसबागेस कुंपण कशाचे करावे, हा प्रश्न सातारा व सांगली जिल्ह्यांत पुष्कळदा शेळीकडे पाहून सोडविला जातो. शेळी ज्यास तोंड लावीत नाही असे झुडूप म्हणून पिवळी कण्हेर लावतात. ती थोड्या पाण्यावर तग धरते व भरपूर फुलते, हे खरे. परंतु जनावरे तिला टाळतात ती तिच्या विषामुळे. हे विष हृदयाचे ठोके बिघडविते. जेथे लहान मुले वावरतात तेथे हे झुडूप असू नये. त्याच्या जागी करवंद लावावे.

करवंद व पिवळी कण्हेर ही एकाच कुळातील झुडपे होत. दोहोंच्या फांदीतून पांढरा चीक निघतो. धोका आहे तो येथेच. कच्च्या करवंदाचा चीक ओठांना लागलेल्या मुलास चिकाचे भय राहत नाही. आणि पिवळ्या कण्हेरीचे फळही आधी हिरवे व पिकल्यावर काळे होते! म्हणून शिक्षकांनी दोन्ही फांद्या स्वतःच्या हाती धरून मुलांना फरक दाखवावा. करवंदाची पाने लंबगोल, जाड, समोरासमोर. काटे बळकट, पुष्कळदा दुभंगलेले. फुले पांढरी व सुवासिक. कण्हेरीस काटा नाही, पाने अरुंद व लांब, फुले पिवळी, घंटेसारखी. फळात कठीण बिट्टी. करवंद फोडून ‘कोंबडा की कोंबडी’ पाहण्याचा खेळ मुलांना ठाऊकच असतो. लाल गर तो कोंबडा, फिकट ती कोंबडी. त्या खेळावरूनच पाठास आरंभ करावा.

एखाद्या मुलाने बिट्टी खाल्ल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट पाहू नये. घरगुती उपाय न करता, ओकारी न काढविता, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व फळाचा नमुना सोबत द्यावा.

महाबळेश्वरी वर्षास ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर माण व आटपाडी या तालुक्यांत सुमारे ५०० मिलिमीटर. करवंद पश्चिमेच्या डोंगरउतारांवर आपोआप वाढते. पूर्वेकडेही मुरमाड जमिनीत ते टिकते, मात्र तेथे पहिले दोन उन्हाळे पाणी घालावे लागते. रोपे पावसाळ्याच्या आरंभी, दोन-अडीच फुटांच्या अंतराने लावावी. ती सावकाश वाढतात; तोवर शेळीपासून जपणे आलेच. काट्यांमुळे ही रांग खेळाच्या जागेपासून व पायवाटेपासून दूर असावी.

फुले फांद्यांच्या शेंड्यांवर येतात. कुंपण नीटनेटके दिसावे म्हणून ऐन हिवाळ्यात कात्री चालविली, तर फुले गेली आणि फळेही गेली. छाटणी करावयाची ती फळे उतरल्यावर, पावसाच्या तोंडाशी.

बी फार दिवस ठेवल्यास उगवत नाही. फळे पिकतात मे महिन्यात, तेव्हा शाळेस सुटी असते. यास्तव सुटी लागण्यापूर्वीच मुलांना सांगून ठेवावे. पिकलेल्या करवंदांचे बी धुऊन सावलीत सुकवावे व शाळा उघडताच आणून द्यावे. त्याच आठवड्यात ते पिशव्यांत पेरावे; रोपे पुढील पावसाळ्यात लावण्याजोगी होतात.